वाचकांचे प्रश्न : लेकराची खाज आणि घरादाराची झोप

लहान मुलांच्या इसबाबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात छापलं आणि एवढी पत्रं, मेल, व्हॉट्सॲप येतील असं संपादकांनाही वाटलं नव्हतं. उत्तरं द्यायला मला बसवलंय. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. माझ्या मुलीला तान्ही असल्यापासून एक्झिमा, म्हणजे इसबच, तोही जोरदार, म्हणजे गाल, मान, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागच्या घड्या, मनगटं सगळीकडे, ओल सुटून झबलं अंगाला चिकटायचं इतका. आता ती चौथीत आहे आणि बरी आहे, बरी म्हणजे क्रीम लावावंच लागतं पण रात्री झोपते. खाली लिहिलंय ते आमच्या स्किनच्या डॉक्टरांकडून शिकलेलं, नंतर वाचलेलं आणि घरात रोज केलेलं असं मिळून आहे. औषध कोणतं आणि किती ते मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मला त्यासाठी मेसेज करू नका प्लीज.

प्रश्न : माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे. गालांवर, हातापायांवर चट्टे, खाजवून रक्त काढतो. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे. आम्ही रक्ताची ॲलर्जी टेस्ट केली त्यात दूध, गहू, अंडं, शेंगदाणा, तूरडाळ, टोमॅटो, केळं असं बरंच काही पॉझिटिव्ह आलं. सगळं बंद केलंय, आता फक्त तांदळाची पेज आणि मुगाचं पाणी देतो. वजन वाढत नाही आणि चट्टे तसेच. अजून काय बंद करू? (एक आई, फलटण)

अजून काहीही बंद करू नका ताई. उलट बंद केलेलं परत कसं सुरू करायचं हे बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन ठरवा आणि याच आठवड्यात जा, कारण या वयात पोराला नुसत्या पेजेवर ठेवणं हे चट्ट्यांपेक्षा जास्त काळजीचं आहे. आणि मनाने एकदम वाटीभर दूध किंवा अख्खं अंडं देऊन बघू नका, बरेच दिवस बंद असलेला पदार्थ अशा मुलांना पुन्हा देताना कधीकधी जोरात रिॲक्शन येते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

आता त्या टेस्टचं. रक्तात एखाद्या पदार्थाचं आयजीई (ॲलर्जीत वाढणारी अँटिबॉडी) सापडलं म्हणजे शरीराने त्याची नोंद घेतलीय एवढंच कळतं, तो खाल्ल्यावर त्रास होतो का हे त्यावरून कळत नाही. एक्झिमावाल्या मुलांचं आयजीई बऱ्याचदा चढलेलंच असतं त्यामुळे मोठं पॅनल, म्हणजे एकदम खूप पदार्थांची टेस्ट, लावलं की ढीगभर पदार्थ पॉझिटिव्ह येतात आणि पोरं तेच पदार्थ आदल्या दिवशी मजेत खाऊन आलेली असतात. खरी ॲलर्जी अशी लपून राहत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ डोळे सुजतात, उलटी होते, खोकला किंवा घरघर लागते. असं कधी झालं असेल तर ते डॉक्टरांना नीट सांगा, तीव्र एक्झिमा असलेल्या काही मुलांना अंड्याची दुधाची खरी ॲलर्जी असतेच, पण ती हिस्ट्री घेऊन आणि गरज पडली तर दवाखान्यात समोर बसवून खायला देऊन ठरवतात. नुसता लॅबचा कागद बघून नाही.

शेंगदाण्याबद्दल तर मजा आहे. लंडनला एक मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला, त्यात ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं होती आणि सगळी तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. अर्ध्यांना शेंगदाण्याचा पदार्थ नियमित खायला दिला, अर्ध्यांना पाच वर्षांची होईपर्यंत बंद ठेवला. शेवटी ॲलर्जी झालेल्यांचं प्रमाण खाणाऱ्यांमध्ये सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे घाबरून बंद ठेवलं तीच मुलं जास्त अडकली. त्या अभ्यासात आधीच दाण्याची जोरदार ॲलर्जी दिसली अशा बाळांना घेतलं नव्हतं, म्हणून परत सांगते, डॉक्टरांशी बोलून. आपल्याकडे दाण्याचं कूट न घातलेली भाजी शोधावी लागते, पूर्ण बंद ठेवणं तसंही होत नाही कोणाच्याने.

मग चट्टे कशाने? मूळ दुखणं कातडीतच आहे. आपल्या त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवायला फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन लागतं, ते बनवणाऱ्या जीनमधला बिघाड एक्झिमाच्या बऱ्याच पेशंटमध्ये सापडतो हे २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवलं. थर कच्चा असला की आतलं पाणी उडून जातं, बाहेरचा साबण, धूळ, घाम, जंतू आत शिरतात, सूज येते, खाज येते, खाजवलं की थर अजून फाटतो. एकेक पदार्थ बंद करत बसणं म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण बादल्या बदलतोय. बाकी सासूबाईंचं तेवढ्यापुरतं बरोबर आहे हां, उकाड्याने आणि घामाने खाज वाढतेच, एप्रिल मे मध्ये आमच्याकडे पण वाढते. पण त्याला इलाज पंखा, सुती कपडे आणि घाम आला की ओल्या फडक्याने टिपणं हा आहे, पेज नाही.

प्रश्न : स्किनच्या डॉक्टरांनी मुलीला (वय ३) स्टिरॉइडचं मलम दिलं. मेडिकलवाला म्हणाला लहान पोरांना स्टिरॉइड कशाला, हे घ्या, आणि दुसरी ट्यूब दिली. ती लावली की दोन दिवसांत साफ, सोडली की दुप्पट. आता लावलेल्या जागी पांढरट डाग दिसतायत. कोड तर नाही ना? (एक बाबा, अमरावती)

दादा, ती दुसरी ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. त्यात क्लोबेटासोल असं लिहिलेलं असेल तर ते लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जोरदार आहे. म्हणजे सौम्य स्टिरॉइड नको म्हणून तुम्ही पोरीला त्याच्या कितीतरी पट तगडं लावताय. आपल्याकडे स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं एकत्र कोंबलेली क्रीमं खूप विकली जातात, नायट्याला तीच, खाजेला तीच, गोरं व्हायला पण तीच. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने बरीच वर्षं ओरड केल्यावर २०१८ मध्ये सरकारने लावायची बरीच स्टिरॉइडं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी काउंटरवरून मिळतात हे तुम्हीच अनुभवलंय. तर ती ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवस आणि कुठे कुठे लावली ते सगळं सांगा, लाजू नका. बरेच दिवस लावली असेल तर सोडायची कशी हेही तेच सांगतील.

आता डॉक्टरांनी दिलेलं. स्टिरॉइड म्हटलं की आपण एकदम दचकतो पण त्यात पायऱ्या आहेत. हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यात सौम्य, फ्लुटिकासोन मोमेटासोन त्याच्या वर, क्लोबेटासोल टोकाला. चेहरा, मान, काख, जांघ इथली कातडी पातळ म्हणून तिथे सौम्यच देतात, हातापायांच्या जाड चट्ट्यांना थोडं वरचं. पापण्यांसाठी, चेहऱ्यासाठी दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना टॅक्रोलिमस देतात, ते स्टिरॉइड नाही, पण पहिले काही दिवस जळजळतं आणि पोर ओरडतं, हे आधी माहीत असलेलं बरं नाहीतर आपण दुसऱ्याच दिवशी ट्यूब फेकून देतो.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक तुमच्या मेडिकलवाल्याचं, आणि दुसरं भीतीने नखभर मलम घेऊन अख्ख्या पायाला फासणारं. नखभर लावून चट्टा अर्धवट बसतो, मग परत उठतो, मग परत नखभर, असं महिनोन्महिने चालतं आणि एकूण स्टिरॉइड जास्तच जातं. किती घ्यायचं याचं सोपं माप आहे. मोठ्या माणसाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढायची, ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाचे दोन पंजे मावतील एवढ्या जागेला पुरते. वर्ष दोन वर्षांच्या बाळाचा अख्खा हात भरलेला असेल तर अशी दीड रेघ, पाय असेल तर दोन. चट्टा पूर्ण सपाट आणि मऊ होईपर्यंत लावायचं, नुसती खाज थांबली म्हणून सोडायचं नाही. आणि वारंवार त्याच जागी उठत असेल तर डॉक्टर बऱ्याचदा आठवड्यातून दोनच दिवस त्या जागेवर लावायला सांगतात, चट्टा दिसत नसताना सुद्धा. आमच्याकडे शनिवार रविवार ठरलेला होता, त्याने फार फरक पडला.

पांढरट डागांचं मी बघितल्याशिवाय बोलू शकत नाही, बघून पण नाही. पण गव्हाळ सावळ्या कातडीवर एक्झिमा बसला की मागे फिकट किंवा काळसर डाग राहतो हे फार कॉमन आहे, तो सुजेचा डाग असतो आणि काही महिन्यांत आपोआप रंग भरतो. जोरदार स्टिरॉइडने पण रंग उतरू शकतो आणि कातडी पातळ होऊ शकते. कोड सहसा अगदी खडूसारखं पांढरं आणि कडा स्पष्ट असलेलं असतं. डॉक्टर दिव्याखाली बघून लगेच सांगतात, तोवर रात्र रात्र गूगल करू नका. आणखी एक, पुस्तकात आणि नेटवर एक्झिमाचे फोटो सगळे गोऱ्या पोरांचे, लालबुंद. आपल्या मुलांना तो लाल कमी आणि करडा, तपकिरी, जांभळट जास्त दिसतो म्हणून लाल नाही म्हणजे बसला असं समजू नका, हात फिरवून बघा, खरखरीत आणि जाडसर लागतंय ना, मग आहे अजून.

प्रश्न : मी आजी आहे. आमच्या घरी बाळाला तेल लावून, डाळीच्या पिठाने चोळून आंघोळ, मग ओवा वेखंडाची धुरी असं चालत आलंय. माझी मुलं अशीच वाढली. नातीला इसब आहे तर सून कशालाच हात लावू देत नाही, फक्त बरणीतलं क्रीम. तेलाने काय वाईट होतंय? (कोल्हापूर)

आजी, नमस्कार करते. तुमच्या मुलांची कातडी चांगली होती म्हणून ती त्या पिठाला पुरून उरली, नातीची तशी नाही एवढाच फरक आहे, त्यात तुमच्या पद्धतीची बदनामी नाही आणि सुनेचा शहाणपणा पण नाही.

तेलातलं खोबरेल चालेल. फिलिपिन्समध्ये एक्झिमा असलेल्या मुलांवर व्हर्जिन कोकोनट ऑइल लावून बघितलंय आणि मिनरल ऑइलपेक्षा ते चांगलं ठरलं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं नको, ऑलिव्हने त्वचेचा थर कमकुवत होतो हे तपासून झालंय आणि मोहरीचं झोंबतं. पण तेल लावून ते पिठाने घासून काढायचं असेल तर लावलं काय नि नाही काय. डाळीचं पीठ, मसूर पीठ, साय हळद, उटणं हे सगळं तिच्यासाठी बंदच ठेवा कारण चोळल्याने खाज पेटते आणि पीठ घड्यांमध्ये अडकतं. धुरी तर कुठल्याच बाळाला नको, धुराने कातडी पण बिघडते आणि छाती पण, आणि इसब असलेल्या बऱ्याच मुलांना पुढे दम्याचा त्रास निघतो.

आंघोळ रोज घाला, कोमट पाण्याने, पाच दहा मिनिटं, फेसाचा साबण नको. आणि मग जे काम आहे ना ते तुमच्याच हातचं आहे असं मला वाटतं. पंचाने टिपायचं, घासायचं नाही, अंग किंचित ओलं असतानाच भरपूर क्रीम, वरून खाली, केसांच्या दिशेने, न रगडता. बाळाला न रडवता अंगाला हात लावायची जी सवय तुमच्या हाताला आहे ती आमच्या पिढीला नाही. आमच्या घरी हे काम माझ्या सासूबाईंनी घेतलं आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा नीट केलं.

भरपूर म्हणजे किती? इंग्लंडच्या सरकारी गाइडलाइनमध्ये अशा मुलांना आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम असं लिहिलंय. आपल्याकडे लोक ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि म्हणतात क्रीमचा उपयोग नाही. महागडंच हवं असं अजिबात नाही, बिनवासाचं साधं पांढरं पेट्रोलियम जेली मोठ्या बरणीत घेतलं तरी चालतं. २०२२ मध्ये ब्रिटनमधून एक अभ्यास आला, ५५० मुलांवर, लोशन, क्रीम, जेल, मलम यातलं कुठलं भारी हे बघायला, तर सगळी सारखीच निघाली. म्हणजे पोर जे लावू देतं ते आणि हवेला जे मानवतं ते. कोकणात, मुंबईत मे महिन्यात जाड मलम थापलं तर घामोळं उठेल, तिथे लोशन बरं, विदर्भातल्या थंडीत लोशन तासाभरात गायब होतं तिथे मलम. बरणीत बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा, जंतू जातात.

आणि हे दिवाळीच्या आत वाचा म्हणून इथेच लिहिते. ही क्रीमं झबल्यात, चादरीत मुरतात आणि असा कपडा पेटला तर भराभर पेटतो. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये सगळ्याच अशा क्रीमांबद्दल हा इशारा दिला होता, त्यात पॅराफिन (पेट्रोलियम जेलीत असतं ते) असो नसो. धुतलं तरी सगळं निघत नाही. तर क्रीमवाल्या पोराला पणतीपाशी, फुलबाजीपाशी, देवघरातल्या समईपाशी एकटं सोडू नका.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी, फार जड, साबणाला फेस येत नाही. वॉटर सॉफ्टनर बसवला तर मुलाचा एक्झिमा कमी होईल का? डीलर म्हणतो शंभर टक्के. (लातूर)

पैसे वाचवा. हाच प्रश्न घेऊन इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर अभ्यास झाला, २०११ मध्ये छापला, घरात सॉफ्टनर बसवलेल्या आणि न बसवलेल्या मुलांच्या एक्झिमात फरक पडला नाही. जड पाण्यात साबण जास्त लागतो आणि अंगावर राहतो हा भाग आहे, तर साबणच टाळा आणि कपडे एकदा जास्त खळबळा. आंघोळीच्या पाण्यात टाकायची औषधी तेलं मिळतात त्यांनाही असंच, २०१८ च्या एका अभ्यासात रोजच्या क्रीमपेक्षा जास्तीचा फायदा दिसला नाही. एक्झिमासाठी रेशमी कपडे म्हणून विकतात त्यांचं पण तेच. सॉफ्टनरचे पैसे क्रीममध्ये घाला.

प्रश्न : मुलगा ५ वर्षांचा. दिवसा ठीक, रात्री अकराला खाज सुरू होते ती पहाटेपर्यंत. मी सकाळी ७:१० ची लोकल पकडते. नवरा म्हणतो त्याला फक्त तू लागतेस. त्यात शाळेत एका मुलाच्या आईने तक्रार केली की याच्या बाजूला बसवू नका. खरंच वैताग आलाय. (डोंबिवली)

वैताग येणारच अगं. तीव्र एक्झिमाचं सगळ्यात मोठं दुखणं चट्टे नाहीत, झोप आहे, आणि ते बाहेरच्याला दिसत नाही. लोकांना वाटतं पोराला थोडी खाज आहे.

आधी नवऱ्याचं. त्याला फक्त तू लागतेस कारण फक्त तूच उठतेस. रात्री वाटून घ्या, एक रात्र तुझी एक त्याची, आणि ज्याची नाही त्याने दुसऱ्या खोलीत, खोली नसेल तर कानात कापूस घालून झोपायचं. पहिले काही दिवस पोरगा रडेल, मग सवय होते. हे मी गोड बोलून नाही सांगत, भांडून घे. तीन चार तासांच्या झोपेवर लोकल, ऑफिस आणि क्रीम हे कोणालाच जमत नाही.

रात्रीच खाज का वाढते तर अंग पांघरुणात गरम होतं, क्रीम सुकलेलं असतं आणि खेळ, टीव्ही काही नसतं मन रमवायला. म्हणून झोपायच्या आधी क्रीमचा जाड थर, लावून थोडा वेळ गेल्यावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, दुलई नको पातळ चादर, पंखा किंवा एसी, नखं रविवारी कापायचीच. लोकरीचं काही अंगाला लागू देऊ नको. आम्ही कपड्यांच्या बाह्यांना पुढे सुती पिशवीसारखं शिवून घेतलं होतं, मोजे घातले की मोजे काढून टाकायची ती. चट्टे खूप पेटलेले असतील तर ओल्या सुती पट्ट्या गुंडाळायची पद्धत आहे, खाली ओली आणि वर कोरडी, रात्रीत सूज उतरते, पण डॉक्टरांकडून शिकूनच, कातडीला इन्फेक्शन असताना करत नाहीत. खाजेचं सिरप डॉक्टर देतात त्याने मुख्यतः गुंगी येते, या खाजेवर त्याचा फार उपयोग नसतो, म्हणून मनाने डोस वाढवू नको.

आणि सारखं खाजवू नको खाजवू नको म्हणणं सोडा सगळ्यांनी. त्याने थांबत नाही, फक्त पोर लपून खाजवायला शिकतं. हाताला दुसरं काम द्यायचं, दाब, थोपट, थंड क्रीम लाव (आम्ही छोटी डबी फ्रीजमध्ये ठेवायचो), पाच वर्षांच्या मुलाला स्वतःचं क्रीम स्वतः लावायला फार आवडतं.

शाळेचं सोपं आहे. एक्झिमा लागत नाही, हात धरून, डबा शेअर करून, शेजारी बसून कशानेच नाही. डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घे आणि वर्गशिक्षिकेला समक्ष भेटून दे, व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर देत बसू नकोस, तिथे फक्त तमाशा होतो. बाईंना तीन गोष्टी सांगून ठेव, युनिफॉर्मच्या आत सुती बनियन असेल, खिडकीतल्या उन्हात बसवू नका, आणि मधल्या सुट्टीत तो क्रीम लावेल त्याला हसू देऊ नका. खेळ बंद करू नको, घाम पुसून कपडे बदलले की झालं. पोहायला पण जाऊ दे, आधी क्रीम, बाहेर आल्यावर लगेच साधं पाणी आणि परत क्रीम.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा रात्रीच्या चट्ट्यांचे फोटो ने, अपॉइंटमेंटच्या दिवशी नेमकं सगळं छान दिसतं. झोप किती रात्री मोडली, रक्त किती दिवस आलं, ओल किती दिवस सुटली हे आठवड्याचं लिहून ठेव. नॉटिंगहॅमच्या लोकांनी यासाठीच सात प्रश्नांची यादी केलीय, पोएम म्हणतात तिला, डॉक्टरांना विचार, त्यावरून औषध लागू पडतंय का ते बोलणं सोपं जातं.

प्रश्न : भाचीला इसब आहे. काल ताप आला आणि गालावर एकसारखे बारीक पाण्याचे फोड, काही फुटून गोल खड्डे पडलेत. घरातले म्हणतात गर्मीने इसब उसळलाय, थांबून बघू. (ठाणे)

थांबू नका. या प्रश्नाला आम्ही तेव्हाच फोन करून उत्तर दिलं, इथे बाकीच्यांसाठी छापतोय. ओठावर तापाची पुरळ उठते तिचा विषाणू एक्झिमाच्या उघड्या कातडीवर पसरला तर असं दिसतं, एकाच आकाराचे फोड, टाचणीने कोरल्यासारखे खड्डे, ताप, पोर मलूल. यावर गोळी किंवा सलाइनमधून अँटिव्हायरल लागतं आणि ते त्याच दिवशी सुरू व्हायला हवं, डोळ्याजवळ असेल तर डोळ्याचे डॉक्टर पण. रविवार असो, रात्र असो, इमर्जन्सीला न्यायचं. ओठावर अशी पुरळ असलेल्या पाहुण्यांनी बाळाचे मुके घ्यायचे नाहीत, मग ती आत्या असो नाहीतर आणखी कोणी, वाईट वाटलं तर वाटू दे.

पिवळी खपली, पू, वास, गरम सूज हे वेगळं, ते बॅक्टेरियाचं इन्फेक्शन. त्यालाही डॉक्टर लागतात, पण घरात पडलेली जुनी अँटिबायोटिक क्रीम नको.

प्रश्न : नणंद अमेरिकेत आहे. तिच्या मुलाला दर काही आठवड्यांनी इंजेक्शन देतात आणि तो एकदम छान झालाय म्हणे. आपल्याकडे का देत नाहीत? (सांगली)

ते बहुतेक डुपिलुमॅब असेल. अमेरिकेत २०१७ मध्ये मोठ्यांसाठी आणि २०२२ मध्ये सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे मंजूर झालं. खाज आणि सूज पेटवणारे जे सिग्नल शरीरात असतात त्यातले दोन ते अडवतं. खरंच चांगलं आहे, पण महाग आहे आणि ज्यांचं क्रीम आणि मलम नीट, पुरेसं लावूनही भागत नाही त्यांच्यासाठी आहे. मोठ्या शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारून बघा. कोणी सहा महिन्यांत मुळापासून घालवतो म्हणून पुड्या देत असेल आणि पुडीने दोन दिवसांत जादू झाली तर मात्र सावध व्हा, अशा बिननावाच्या औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. पोटात घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद करणं पण धोक्याचं असतं, म्हणून पुडी घेऊन सरळ डॉक्टरांकडे.

प्रश्न : लसी द्यायच्या का? अंगावर चट्टे असताना? (जळगाव)

हो, सगळ्या, वेळेवर. इंजेक्शन देतात ती जागा पेटलेली नसावी एवढं नर्सला दाखवा. कांजण्यांची लस तर आवर्जून द्या.

प्रश्न : मुलाला दोन महिन्यांपासून एक्झिमा म्हणून क्रीम चालू आहे, कमीच होत नाही. आता मला आणि माझ्या आईलाही रात्री बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. एक्झिमा मोठ्यांना लागतो का? (परभणी)

लागत नाही, आणि म्हणूनच हा एक्झिमा नसेल. घरातल्या दोघातिघांना एकदम, रात्री, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला खाज म्हणजे खरूज असू शकते, आणि बाळांना ती तळहात तळपायांवर पण उठते. अस्वच्छतेचा काही संबंध नाही हां, शाळेतून, पाहुण्यांकडून, प्रवासातून कुठूनही येते. स्किनच्या डॉक्टरांना सगळ्या घराला खाज आहे हे आधी सांगा, तुम्ही एकट्या मुलाला दाखवता म्हणून ते त्यांना कळतच नाही. मग ते जे मलम देतील ते घरातल्या प्रत्येकाने, खाज असो नसो, एकाच रात्री लावायचं आणि सांगतील त्या दिवशी परत लावायचं. चादरी, कपडे, टॉवेल त्याच दिवशी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाका, जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. मलम संपल्यावरही दोन तीन आठवडे खाज राहते, त्यात घाबरून परत परत मलम लावू नका, तेव्हा साधं क्रीमच लावायचं.